नारायणगावची शॅम्पेन

इस्टुर फाकड्याची समाधी वडगावात आहे, हे मावळातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कॅप्टन स्टुअर्ट हे त्याचं खरं नाव. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेने तो पडला आणि पंधरवड्याच्या आत त्याच्या फौजेने वडगावात शरणागतीचा तह लिहून दिला. या मोहिमेमागे राघोबादादा होता, हे आपण शाळेत शिकतो. फ्रेंच होते, हे शिकत नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच चौलला उतरून पुण्यात आला, नाना फडणविसांनी त्याचं थाटात स्वागत केलं आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. पुणे दरबार फ्रेंचांच्या कच्छपी लागण्याआधी आपला माणूस गादीवर बसवावा, ही घाई त्यातून वाढली. गंमत अशी, की हा ल्युबिन राजाचा वकील कमी आणि बोलघेवडा जास्त होता. त्याने कबूल केलेली फ्रेंच पलटण कधी आलीच नाही.

फ्रेंचांची एखादी विद्या घेऊन खरा फ्रेंच माणूस पुणे जिल्ह्यात कामाला यायला त्यानंतर दोनशे वर्षं जावी लागली. तो वडगावला आला नाही. तळेगाव-चाकणवरून उत्तरेकडे वळून, खेड आणि मंचर ओलांडून तो जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गेला. चाकणच्या वाहतुकीने कृपा केली तर वडगावहून हा दोनेक तासांचा रस्ता आहे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमारास राहुट्या पडतात, गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात. त्या गावाच्या शिवारात १९८०च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन तयार होऊ लागली आणि ती परदेशात विकलीही गेली.

मावळात हे का झालं नाही, याचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडे पाऊस आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी पडतं. या मातीने भात दिला. वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातूनच ‘इंद्रायणी’ हे वाण १९८७ मध्ये बाहेर पडलं आणि आज मुंबई-पुण्याच्या ताटात त्याचा घमघमाट असतो. तळेगावच्या पठारावर प्लास्टिकच्या कागदाखाली गुलाब पिकतो आणि फेब्रुवारीत परदेशी जातो. पण द्राक्षवेलीला ओले पाय आणि ओली पानं दोन्ही सोसत नाहीत. सह्याद्रीचा माथा उतरून पूर्वेकडे जावं तसा पाऊस झपाट्याने विरळ होतो, आणि जिथे तो पुरेसा विरळ होतो तिथून द्राक्षाचा मुलूख सुरू होतो. नारायणगाव त्या रेषेच्या पलीकडे आहे, वडगाव अलीकडे. मावळाच्या वाट्याला आलं ते गिऱ्हाइकाचं काम. शनिवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावरून उतरणाऱ्या गाड्या लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांकडे वळतात, तेव्हा त्यांच्या डिकीत काय असतं हे टोलनाक्यावरच्या माणसाला विचारायची गरज नाही.

पिण्याच्या बाबतीत तर मावळ फारच जुनं गिऱ्हाईक असावं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले व्यापारी किंवा त्यांच्याशी नातं सांगणारे लोक. त्याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे, आणि इटलीची वाइन अधिक पसंत केली जाते अशी नोंदही आहे. कल्याण, सोपारा, चौल ही आपली बंदरंही त्याच पुस्तिकेत भेटतात. बंदरातून देशावर चढणारी वाट भाजे-कार्ल्याच्या पायथ्यातून जात होती. रोमन मातीच्या कुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात मिळाले; मात्र अशा तुकड्यांपैकी बरेचसे इराणी आखातातल्या घटांचे आहेत, असं नंतरच्या तपासणीत दिसलं. तेव्हा आपले पूर्वज इटलीची वाइन पीत होते म्हणून छाती फुगवण्याआधी जरा थांबावं. एवढं मात्र खरं, की वाइन आपल्याकडे दोन हजार वर्षं बाहेरून येत राहिली. ती इथेच करायची, आणि तीही सगळ्यात अवघड प्रकारची, हे उद्योजक शामराव चौगुले यांच्या डोक्यात आलं.

सगळ्यात अवघड का, हे कळायला रेंसला जावं लागतं. पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या या शहराच्या पोटात खडूच्या जुन्या खाणी आहेत. बांधकामासाठी दगड काढताना झालेले हे खड्डे पुढे वाइनवाल्यांनी तळघर म्हणून ताब्यात घेतले. आत बारा महिने दहा-बारा अंश तापमान, दमट हवा आणि अंधार. १७८५ मध्ये फ्लोरेन्स-लुई हाइडसिक नावाच्या, मूळच्या जर्मन मुलखातून आलेल्या कापड व्यापाऱ्याने इथे वाइनचा धंदा सुरू केला. आपली वाइन त्याने राणी मारी आंत्वानेतला नजर केली, असं घराण्यात सांगतात. त्याच्या मागे भाचे-पुतण्यांत वाटण्या झाल्या, तीन वेगळ्या पेढ्या झाल्या आणि त्यांतली एक ‘पायपर-हाइडसिक’ म्हणून जगभर गेली. भाऊबंदकी ही काही आपलीच मिरास नाही.

शॅम्पेनचा शोध दों पेरिन्यों या साधूने लावला, ही गोष्ट सगळ्यांना आवडते आणि ती खोटी आहे. ओव्हिलेच्या मठात हा साधू १६६८ पासून कोठाराची व्यवस्था पाहत होता. वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं एकत्र करून चांगली वाइन कशी साधायची यात त्याचा हात मोठा होता. फसफस मात्र त्याच्या लेखी वाइनमधला दोष होता. उलट १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने साखर घालून वाइनला फेस आणण्याची रीत लिहून दिली होती. कोळशाच्या भट्टीतली जाड इंग्लिश काच नसती तर ती वाइन बाटलीत टिकलीच नसती. फ्रेंचांची थोरवी शोधात नाही. ज्या गोष्टीने बाटल्या फुटत होत्या तिला त्यांनी शिस्त लावली, आणि ती शिस्त दीडशे-दोनशे वर्षं न कंटाळता घासूनपुसून घेतली.

ती शिस्त अशी. द्राक्षं लवकर, आंबटपणा असतानाच, हाताने तोडायची. चार हजार किलो द्राक्षांतून फक्त २५५० लिटर रस घ्यायचा, त्याहून जास्त पिळायचं नाही; हा तिथला कायदाच आहे. रस आंबवला की साधी, फिकी, दातांना आंबणारी वाइन होते. ती कोणी हौसेने पिणार नाही. मग वेगवेगळ्या मळ्यांच्या, कधी वेगवेगळ्या वर्षांच्या अशा वाइन एकत्र जुळवायच्या. ती जुळणी बाटलीत भरताना लिटरला सुमारे चोवीस ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालायचं आणि झाकण घट्ट बसवायचं. यीस्ट साखर खातं, थोडा मद्यार्क वाढतो आणि जो वायू तयार होतो त्याला पळायला वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीच्या आत सहा बारपर्यंत दाब चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास तिप्पट. जुन्या काळी तळघरात काम करणारे तोंडावर लोखंडी जाळी बांधून फिरत, कारण एक बाटली फुटली की तिच्या शेजारच्या चार फुटत.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं. इथे अडाणी माणूस म्हणेल, गाळ काढा आणि विका. फ्रेंच म्हणतो, राहू दे. त्या मेलेल्या यीस्टवर पडून राहिल्यानेच वाइनला पावासारखा, भाजलेल्या बदामासारखा वास येतो. साध्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने, त्यातले बारा गाळावर, आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं, असा नियम आहे. नावाजलेल्या पेढ्या त्याहून जास्त ठेवतात.

गाळ काढण्याची युक्ती एका बाईच्या तळघरात जन्मली. बार्ब-निकोल पोंसार्दां ही १८०५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिने नवऱ्याची, क्लिको यांची, पेढी स्वतः चालवायला घेतली. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नसे. विधवेला येत असे. शॅम्पेनच्या इतक्या पेढ्यांच्या नावात ‘व्हव’, म्हणजे विधवा, का दिसते याचं निम्मं उत्तर त्या कायद्यात आहे. तिच्या तळघरात एका टेबलाला भोकं पाडून बाटल्या उलट्या खोचल्या गेल्या. रोज थोडी फिरवायची, थोडी तिरकी करायची. सहा-आठ आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी येऊन बसतो. मग मानेकडचा भाग गोठवायचा, झाकण उडवायचं, गाळाचा बर्फ आतल्या दाबाने बाहेर फेकला जातो. जेवढी वाइन सांडली तेवढी गोड वाइन भरायची आणि कायमचं बूच मारायचं. आता फिरवण्याचं काम यंत्रातले पिंजरे आठवड्याभरात करतात, आणि फ्रेंचांनाही त्याचं काही वाईट वाटत नाही.

चौगुल्यांनी याच विद्येसाठी पायपर-हाइडसिककडे शब्द टाकला. १९८०च्या दशकाच्या आरंभी राफाएल ब्रिस्बुआ हा तरुण वाइनतज्ज्ञ जागा बघायला आणि बसवायला आला. कंपनीचं नाव ‘शॅम्पेन इंडिया’. पुढे ‘शॅम्पेन इंडाज’, आणि शेवटी ‘इंडाज व्हिंटनर्स’. दशकाच्या मध्यावर नारायणगावची पहिली बाटली बाजारात आली. देशात तिचं नाव पंधराव्या लुईच्या लाडक्या पाँपादूर बाईसाहेबांवरून ठेवलं होतं. परदेशात ती ‘उमर खय्याम’ म्हणून गेली. मराठी वाचकाला खय्याम नवा नव्हता. माधव जूलियनांनी त्याच्या रुबाया फार पूर्वीच मराठीत आणल्या होत्या. पण नारायणगावच्या द्राक्षाला फारशी कवीचं नाव आणि लंडनच्या मेजावरची जागा मिळावी, हा योग त्यांनाही मौजेचा वाटला असता.

ब्रिस्बुआपुढचं कोडं मोठं होतं. रेंस ४९ अक्षांशावर, नारायणगाव १९ वर. तिकडे वेल हिवाळ्यात पान गाळून झोपते, वसंतात उठते, सप्टेंबरात काढणी. इकडे वेलीला झोपच नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या बागाईतदाराने तिला कात्रीने झोपवायची आणि उठवायची रीत बसवली आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा ज्या काड्या तयार होतात त्यांच्या डोळ्यांत उन्हाने घड ठरतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी. तेव्हा तो घड बाहेर पडतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतो. म्हणजे फ्रान्समधली वेल गारठून काष्ठ झालेली असते तेव्हा इथे द्राक्षं भरत असतात. इथल्या दुपारी ऊन तापतं, साखर भराभर चढते आणि आंबटपणा तेवढ्याच वेगाने उतरतो. शॅम्पेनला नेमका तो आंबटपणा हवा. म्हणून उन्हातही आंबटपणा धरून ठेवणारं उन्यी ब्लां हे वाण लावलं गेलं, शार्दोने आणलं गेलं, आणि त्यांच्या जोडीला आपलं थॉमसन घेतलं. थॉमसन म्हणजे तासगावच्या बेदाण्याचं द्राक्ष, ज्यातून पुढे ‘तास-ए-गणेश’ निघालं. फ्रेंच पुस्तकात याला जागा नाही. पण थॉमसनला स्वतःची फारशी चव नसते, आणि ज्या वाइनची खरी चव यीस्ट आणि काळ यांतून यायची आहे तिच्यात हा दुर्गुण खपून जातो. मला या सगळ्या कथेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. पोथी न सोडता हाताशी होतं त्यावर काम भागवलं.

खडूची तळघरं मात्र जुन्नरच्या काळ्या कातळात नव्हती. रेंसमध्ये जो गारवा जमिनीने फुकट दिला, तो इथे विजेवर विकत घ्यायचा होता, चोवीस तास आणि वर्षभर. साखरेचा प्रश्न तेवढा नव्हता. जुन्नर-आंबेगावात ऊस इतका, की बिबट्यांनी त्यात संसार थाटले. 

शेतकऱ्याच्या बाजूनेही ही विद्या उलटीच होती. खायच्या द्राक्षात सगळा खटाटोप मणी मोठा करण्यासाठी असतो. विरळणी करायची, घड जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात बुडवायचे, साल पातळ, रंग एकसारखा, पेटीत मांडला की गिऱ्हाईक थबकलं पाहिजे. वाइनच्या द्राक्षात मणी लहान हवा, साल जाड हवी, आत बी असतं. एकरी माल कमी काढा, असं कंपनीचा माणूस सांगतो. ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर टनावारी मोजली त्याला हे ऐकून कंपनीचा माणूस आपल्याला फसवायला आला आहे असंच वाटणार. त्यातला धोकाही एकतर्फी आहे. खायचं द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारलं तर लोकल बाजार आहे, तोही पडला तर रॅकवर टाकून बेदाणा करता येतो. शिराझ किंवा कॅबर्नेचा घड कंपनीने नाकारला तर तो रस्त्यावर कोणी पाटीत मांडूनही घेणार नाही.

या ठिकाणी मला एक आडवळण घ्यायचंच आहे, कारण महाराष्ट्राच्या शिवारात फ्रेंच वाइनचा सगळ्यात खोल रुजलेला ठसा बाटलीत नाही, फवारणीच्या टाकीत आहे. द्राक्ष असो, डाळिंब असो की कोकणातली सुपारी, मोरचूद आणि चुना कालवून निळं पाणी मारलेलं ज्याने पाहिलं नाही असा शेतकरी शोधून सापडणार नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. हे बोर्डो म्हणजे फ्रान्सचं नैर्ऋत्येकडचं शहर, तांबड्या वाइनची राजधानी. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळं खाणाऱ्या किड्याने फ्रान्सच्या बागा झोपवल्या. त्यावर इलाज म्हणून अमेरिकन खुंटांवर फ्रेंच काडीचं कलम करायचं ठरलं. आपल्याकडे आज डॉगरिजच्या खुंटावर द्राक्ष भरतात, त्यामागचं मूळ तत्त्व तेच. आपण ते मुख्यतः खारट पाणी आणि अवर्षण यांसाठी वापरलं, एवढाच फरक. पण खुंटांबरोबर अमेरिकेतून दुसरी पीडा आली, ती डावणी, म्हणजे केवडा. पानं पिवळी पडून गळू लागली. १८८२ मध्ये बोर्डोच्या विद्यापीठातला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मिलार्दे मेदोकमधल्या सेंट-ज्युलियां गावातून जात असताना त्याला दिसलं, की रस्त्यालगतच्या ओळी तेवढ्या हिरव्यागार आहेत आणि आतल्या करपल्या आहेत. येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून मळेवाल्यांनी रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं विषारी दिसणारं निळं पाणी शिंपडलं होतं. चोर तर गेलेच, बुरशीही गेली. मिलार्देने प्रयोग करून १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. वाइन ज्याने जन्मात तोंडाला लावली नाही, असा आपला माळकरी बागाईतदारसुद्धा दरवर्षी मेदोकच्या त्या मळेवाल्यांचं देणं लागतो.

नारायणगावकडे परत येऊ. बाटली उत्तम निघाली होती, यात शंका नाही. ज्या इंग्रजी समीक्षकांना भारतातून चहाखेरीज काही पिण्यासारखं येईल असं वाटत नव्हतं, त्यांनी ती नावाजली. देशात मात्र बाजारच नव्हता. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आपल्या राज्यात जिवंत आहे. कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि ‘परमिट रूम’ ही पाटी मावळातल्या प्रत्येक फाट्यावर त्याच कायद्याची आठवण म्हणून लटकते. अशा राज्यात वाइनला देशी-विदेशी दारूच्याच रांगेत उभं राहावं लागे. ते चित्र २००१ मध्ये बदललं. विलासराव देशमुखांच्या सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क काढले. नाशिकला राजीव सामंतांच्या ‘सुला’ने त्याच सुमारास आपली पहिली वाइन विकायला सुरुवात केली होती. पुढच्या सात-आठ वर्षांत वायनऱ्यांचं पेव फुटलं. ज्याच्या मळ्याला रस्ता होता आणि ज्याचा मेहुणा बँकेत होता, त्याने टाक्या मागवल्या.

इंडाज यात सर्वांत जोरात धावली. देशातल्या पहिल्या दोन-तीन कंपन्यांत तिची गणना होई. शेअर बाजारात नाव, स्वस्तातल्या ब्रँडांचा धडाका, कंत्राटी शेतीचा विस्तार, आणि २००७-०८ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये कंपन्यांची खरेदी. मग जागतिक मंदी आली, २६/११ नंतर पंचतारांकित हॉटेलं ओस पडली, आणि कर्ज उभं राहिलं. देणी थकली, शेतकऱ्यांच्या द्राक्षांचे पैसे अडकले, खटले उभे राहिले आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. वाइनच्या द्राक्षाचे भाव कोसळले. अनेक बागाईतदारांनी वेली मुळासकट उपटल्या आणि पुन्हा थॉमसनकडे, सोनाकाकडे किंवा सरळ टोमॅटोकडे गेले.

लोक म्हणतात, काळाच्या पुढे होते चौगुले. मला तसं वाटत नाही. काळाच्या पुढे असणं हा दोष नसतो. शॅम्पेन प्रांतात आज वर्षाला तीस कोटींच्या आसपास बाटल्या विकल्या जातात आणि तळघरांत त्या वेळी शंभर कोटींहून अधिक पडून असतात. तीन-चार वर्षांचा माल अंधारात नुसता झोपलेला. या धंद्याचं खरं भांडवल ते आहे. द्राक्ष नाही, यंत्र नाही, फ्रेंच माणूसही नाही. शेतकऱ्याला पैसे मार्चमध्ये द्यायचे आणि गिऱ्हाइकाकडून ते दोन वर्षांनी, तीन वर्षांनी घ्यायचे. रेंसच्या पेढ्यांनी ही वाट पाहण्याची ऐपत दोन शतकांत, दिवाळं निघालेल्या अनेक पेढ्यांच्या राखेवर उभी केली. तिथेही सगळं गोड नव्हतं. १९११ मध्ये बाहेरून स्वस्त द्राक्ष आणणाऱ्या व्यापाऱ्यांवर चिडून तिथल्या शेतकऱ्यांनी कोठारं फोडली, जाळली, रस्त्यावर वाइन ओतली आणि सरकारला लष्कर आणावं लागलं. कुठल्या गावाचं द्राक्ष शॅम्पेन म्हणायचं, किती पिळायचं, किती महिने ठेवायचं, हे आज इतके काटेकोर वाटणारे नियम त्या भांडणांच्या नंतर घडत गेले. विद्या विमानाने येते. तिच्या भोवतीचा हा करार, शेतकरी आणि पेढी एकमेकांना किती काळ उधारीवर सांभाळतील याचा, नारायणगावात झालाच नाही. आणि पंधरा महिने पडून राहणाऱ्या बाटलीचा धंदा तिमाही निकालांवर जगणाऱ्या कंपनीने, बँकेच्या व्याजावर आणि विजेवर थंड केलेल्या गोदामात चालवायचा ठरवला, तर बाटलीतला दाब कमी पडेल इतका दाब बाहेर तयार होतो.

ज्यांनी तो काळ विकत घेण्याची ऐपत ठेवली ते टिकले. बंगळुरूजवळ दोड्डबळ्ळापूरला कंवल ग्रोव्हर यांनी शॅम्पेनच्याच जॉर्ज व्हेसेल यांना घेऊन १९८८ मध्ये सुरुवात केली, नंतर बोर्डोच्या मिशेल रोलाँ यांचा सल्ला घेतला, आणि साधी तांबडी-पांढरी वाइन करत ते हळूहळू वाढले. २०१२ मध्ये इगतपुरीकडच्या झाम्पाशी एकत्र आले. दिंडोरीला २०१३ पासून खुद्द मोएट-हेनेसीची ‘शांदों’ आहे. १७४३ मध्ये सुरू झालेल्या मोएट पेढीची ही थेट नात. अर्जेंटिनापासून चीनपर्यंत अशी घरं थाटून झाल्यावर ते नाशिकला आले, आणि शेनँ ब्लां, शार्दोने, पिनो न्वार अशी द्राक्षं घेऊन बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीचीच पद्धत चालवतात. नारायणगावच्या प्रयोगाला त्यांनी कुठे श्रेय दिल्याचं मी ऐकलेलं नाही, पण सह्याद्रीच्या उतरणीवर ही पद्धत चालते हे त्यांच्या आधी जवळपास तीस वर्षं इथे सिद्ध झालं होतं. आपल्याच जिल्ह्यात बारामतीकडे मल्ल्यांच्या समूहाने फ्रेंच गढीच्या थाटाची ‘फोर सीझन्स’ उभारली. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन तंत्रज्ञान शिकवतात. म्हणजे आता फ्रेंच माणूस बोलवावा लागत नाही. तासगाव-निफाडची पोरं टाकीपाशी उभी राहून यीस्टचं गणित बोलतात.

सरकारी बाजूला मात्र आपण अजून १९४९ आणि २००१ यांच्या मध्येच घोटाळतो आहोत. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून आवई उठवली, आणि निर्णय थंड पडला. शेतकऱ्यांचं हित दोन्ही बाजूंच्या भाषणांत सारखंच होतं. माझं मत विचाराल तर वाइन ही दारू आहे, आणि ती नाही असं सांगून शेतकऱ्याचं भलं करू पाहणारा युक्तिवाद लंगडा आहे. पण देहू-आळंदीच्या सावलीत राहूनही मला असंही वाटतं, की पिण्याच्या नैतिकतेवर जेवढी भाषणं झाली त्यांच्या दशांश वेळ जरी द्राक्षाच्या करारावर गेला असता, म्हणजे कंपनी बुडाली तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क कोणाचा यावर, तर २००९ नंतर जुन्नर-नाशिकच्या बागांवर कुऱ्हाड चालवायची वेळ इतक्या जणांवर आली नसती.

नारायणगावच्या शिवारातली द्राक्षं आता मुख्यतः खायची आहेत, काळी जंबो आणि हिरवी बिनबियांची. चांगला माल पेट्यांत भरून युरोपला जातो. २०१० मध्ये लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने तिकडे कंटेनर अडकले होते. तेव्हापासून फवारणीची वही, माती-पाण्याचे दाखले, प्रयोगशाळेतला तपास हे सगळं बागाईतदार चोख ठेवतो. दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा गोडी छाटण्या आटोपत आलेल्या असतात, आणि परतीच्या पावसाने पुन्हा एखादा फेरा मारला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पंप काढून डावणीच्या मागे लागावं लागतं. यंदाही लागेल तिथे लागेलच. कंपनीच्या नावाने जी बुडीत येणी पडली, ती मात्र जुन्नरमधल्या कित्येक घरांत अजून वहीतच आहेत.